अण्णा, मी तुमचा चाकू घासला होता

अण्णा, तुम्ही जाऊन आज सतरा दिवस झाले, आणि हे लिहिताना तुमचा चाकू माझ्यासमोर टेबलावर आहे. तुम्हाला लिहायची वेळ कधी आलीच नाही. दर शनिवारी भेटत होतो, मध्ये काही सुचलं तर फोन होता. तुम्ही फोनवर ‘हां, बोल पुणेकरीण’ म्हटलंत की मी बोलतच सुटायचे. एवढं बोलूनही एक गोष्ट सहा वर्षं माझ्या तोंडून निघाली नाही. तुम्हाला ती ठाऊक होती, मला ठाऊक होती, आणि आपण दोघं तिच्याकडे न बघता पेरू खात बसलो. आज ती लिहायची आहे. पण सरळ मुद्द्यावर येणाऱ्यांतली मी नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आपली ओळख चिकपेटातल्या हार्डवेअरच्या गल्लीतली. मी एका दुकानापुढे उभी राहून दुमडता चाकू उघडून-मिटून बघत होते आणि फोनवर आईला सांगत होते, की हो गं, अजून एक घेतेय, नाही, वेड लागलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या, एकटीने राहणाऱ्या बाईला खिशातले चाकू जमवायचा नाद आहे म्हटलं, की लोक एकच विचारतात, ‘कुणाची भीती वाटते का?’ मैत्रिणींनी विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं, घरमालकांनी तर एक पाऊल मागे सरकून विचारलं. तुम्ही एक पाऊल पुढे आलात. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, आणि माझं मराठी ऐकून थेट कानडी वळणाच्या मराठीत, ‘पोलाद कुठलं म्हणतोय तो?’ तेवढ्या एका प्रश्नावर मी तुमची झाले, अण्णा. दुकानदाराने चाकू उघडाच तुमच्यापुढे धरला, तर तुम्ही हात पाठीमागे नेलात. ‘केळगे इडप्पा,’ त्याला म्हणालात, आणि मला, ‘खाली ठेवू दे. मग मी उचलतो.’

ही तुमची शिस्त. चाकू कधी हातातून हातात द्यायचा नाही. एकाने ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. मी त्याच दिवशी, रस्त्यातच, तुमच्याशी भांडले. म्हटलं, आमच्याकडे मीठ-मिरची हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणे, त्यातलाच हा प्रकार. तुम्ही शांतपणे तुमचा उजवा हात पुढे केलात आणि पाचही बोटं हलवून दाखवलीत. अडतीस वर्षं सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली होतीत. ‘देणाऱ्याला वाटतंय घेणाऱ्यानं धरलं, घेणाऱ्याला वाटतंय अजून देणाऱ्याच्या हातात हाय. मधल्या मधे पडतंय कुणाच्या तरी पायावर. अंधश्रद्धा म्हण, शिस्त म्हण, बोटं शाबूत हाईत का नाहीत बघ की.’ मी म्हटलं, माझीही शाबूत आहेत. तुम्ही म्हणालात, ‘सरी, बरं. तुझं वय काय आणि माझं काय?’

तिथून शनिवार सुरू झाले. बनशंकरीतल्या तुमच्या घराचा व्हरांडा, वेताच्या चार खुर्च्या, मधल्या टेबलावर तुमचं ते पिवळं फलालीन. तुम्ही, मी, दातांचे डॉक्टर प्रकाश आणि बँकेतून निवृत्त झालेले मूर्ती. कानडी, मराठी, इंग्रजी, ज्याला जे सुचेल ते. ज्याच्याकडे नवा चाकू आला असेल त्याने तो फलालीनवर ठेवायचा आणि हात मागे घ्यायचा. मग एकेकाने उचलून बघायचा. खटका कसा लागतो, पातं मधोमध बसतं का, मूठ ओल्या हातात सटकेल का. नव्या चाकूने पहिला पेरू कापायचा, तुमच्या मिसेस, म्हणजे आमच्या अक्का, त्यावर तिखट-मीठ टाकायच्या, आणि ज्याचा चाकू त्याने शेवटची फोड घ्यायची. हा नियमही तुमचाच. प्रकाशने परदेशातून मागवलेला, बघूनच धाप लागेल असला चाकू आणला, तेव्हा तुम्ही तो नाकाजवळ नेलात, उन्हात धरलात, दहा वेळा उघडलात, आणि म्हणालात, ‘करणाऱ्याला माझा नमस्कार सांग.’ दुसऱ्याच्या वस्तूचा इतका मनापासून आनंद घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. आमच्यात, म्हणजे जमवणाऱ्यांत, दुसऱ्याची वस्तू बघताना पोटात जरा दुखतंच. तुमच्या नाही दुखायचं. तुमच्याकडे एकच चाकू होता आणि तुम्हाला दुसरा नकोच होता.

तो तुम्ही स्वतः केलेला. नवे-नवे कामाला लागला होतात, एक कानस झिजून भंगारात निघाली होती, ती फोरमनकडून मागून घेतलीत. घासून घासून पातं काढलंत, तापवून तेलात बुडवून पाणी दिलंत, शिसवी मूठ, पितळेचे रिबिट. मुठीजवळ पात्यावर त्या कानशीच्या दातांच्या बारीक रेघा मुद्दाम राखल्या होत्यात. ‘आधी काय होतं ते त्याला आठवत राहू दे,’ असं तुम्ही म्हणायचात. रोज सकाळी चष्मा आणि हा चाकू, दोन्ही घेतल्याशिवाय तुम्ही फाटकाबाहेर पडत नव्हता.

मला तुमचा सगळ्यात आवडलेला चाकूचा उपयोग सांगू? तुम्ही काहीच कापलं नव्हतंत तेव्हाचा. चिकपेटातच, कापडाचे गठ्ठे लादलेल्या हातगाडीच्या चाकात दोरी अडकली होती. मागे रिक्षांचे हॉर्न, गाडीवाला घामाघूम, सगळे ओरडतायत, कट माडी, कट माडी. मी तर तुमच्याकडे बघतच होते, की आता अण्णा चाकू काढणार. काढलात. आणि त्या भर गर्दीत गुडघ्यावर बसून, टोकाने एकेक पीळ सैल करत, दहा मिनिटं त्या गाठीशी बोलल्यासारखे बसलात. दोरी अखंड सुटली. गाडीवाल्याने ती गुंडाळून खांद्यावर टाकली आणि गेला, आभारबिभार काही नाही. मी चिडले. तुम्ही गुडघे झटकत म्हणालात, ‘दोरी त्याची हाय. मी कोण कापणार?’

आता मुद्दा.

सहा वर्षांपूर्वी तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दवाखान्यात चाकू न्यायचा नाही, घरी ठेवला तर अक्का त्याने नारळ फोडतील अशी तुम्हाला भीती, म्हणून तुम्ही तो माझ्यापुढे ठेवलात. ‘चार दिवस सांभाळ.’ घरी येऊन मी तो पहिल्यांदा नीट बघितला. पातं काळपट. कुठे निळसर, कुठे तपकिरी, मध्ये ढगांसारखे डाग. माझ्या कपाटातले झाडून सगळे चाकू स्टेनलेसचे, आरशासारखे. मला वाटलं, बिचारे अण्णा, डोळ्यांना दिसत नसणार, घासायला होत नसणार. आपण चमकवून देऊ. ऑपरेशननंतर नव्या डोळ्यांनी बघतील तेव्हा थक्क होतील.

तीन संध्याकाळी घासला, अण्णा. आधी बारीक पॉलिश पेपर, मग धातू उजळायची पेस्ट, मग जुनी ओढणी. नखं काळी झाली. तिसऱ्या दिवशी पात्यात माझा चेहरा दिसायला लागला आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्याचा फोटो आईला पाठवला.

तुम्ही व्हरांड्यात डोळ्यावर हिरवी झडप लावून बसला होतात. मी फलालीनवर चाकू ठेवला आणि हात मागे घेतला. तुम्ही उचललात. उघडलात. मुठीजवळच्या त्या रेघांवरून अंगठा फिरवलात. माझ्या हौसेत त्याही निम्म्या पुसल्या होत्या. मग म्हणालात, ‘डॉक्टर म्हणालेच होते, आता सगळं उजळ दिसणार. खरंच की.’ आणि त्याच चाकूने पेरू कापायला घेतलात.

मी काय केलं ते मला कळायला तीन महिने लागले. प्रकाशने कार्बन स्टीलचा पहिला चाकू आणला होता, आंबा कापून त्यावर डाग पडला म्हणून तो हिरमुसला होता, पुसायला निघाला होता. तुम्ही पटकन त्याचा हात धरलात. ‘घासू नको. स्टेनलेसला हा रंग चढत नाही, ह्याला चढतो. गंजापासून तोच राखतो त्याला. वर्षं जावी लागतात, विकत मिळत नाही कुठं.’ एवढं बोलून तुमचं माझ्याकडे लक्ष गेलं. तुम्ही लगेच मूर्तींना विचारलंत, पेन्शनचं काय झालं. माझ्या हातात पेरूची फोड होती, ती तशीच राहिली. चाळीस वर्षांचे आंबे, लिंबं, चिंचा, कारखान्यातले डबे, अक्कांच्या बाळंतपणात दवाखान्यात सोललेली सफरचंदं, सगळं त्या पात्यावर होतं आणि मी ते तीन संध्याकाळी ओढणीला पुसलं होतं.

त्याच दिवशी सॉरी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. लाज वाटली म्हणून नाही म्हटलं, मग उशीर झाला म्हणून नाही म्हटलं, मग वाटलं आता विषय काढला तर तुम्हालाच मला समजावत बसावं लागेल. उलट तुमच्याशी जास्तच वाद घालत राहिले. तुम्ही म्हणायचात चाकू खिशात हवा, मी म्हणायचे जपून हवा. माझ्या कपाटात एकतीस चाकू, खणाला मखमल, ओल धरू नये म्हणून पुड्या. ‘एकतीस चाकू आणि पार्सल फाडतीस दातांनी,’ हे तुम्ही मला किती वेळा ऐकवलंत! मी म्हणायचे, ऑफिसच्या गेटवर स्कॅनर आहे, नेऊ कसा? ‘तीन दिवस घरातनंच काम करतीस न्हवं? तेव्हा?’ मग मी मेट्रोच्या विषयावर यायचे. तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर मेट्रो, आणि तुम्ही चिकपेटला बसने धक्के खात जायचात, कारण स्टेशनच्या दारात चाकू काढून घेतात. एक दिवस घरी ठेवा की, म्हटलं तर म्हणालात, ‘ह्या वयात माणूस चष्मा घरी ठेवून जातंय काय?’ पिवळी लाइन सुरू झाली तेव्हा मी नाचत आले होते. आर. व्ही. रोडला गाडी बदलायची की थेट माझ्या घरापाशी. आता तरी या, माझं कपाट बघायला. ‘येतो की. बसनं येतो.’ नाही आलात. हे मात्र मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

काल अक्कांनी बोलावलं. चहा दिला, स्वतःचा घेतला नाही. मग आतून पिवळं फलालीन आणलं, टेबलावर पसरलं, त्यावर चाकू ठेवला आणि हात मागे घेतला. ‘हातात देणार नाही, त्यांची शिस्त. तुझ्यासाठी सांगून ठेवलंय. उचल.’

माझ्याने उचलवेना. सहा वर्षं दातांखाली धरलेलं सगळं तिथे बाहेर आलं. अक्का, मी एकदा त्यांचा चाकू घासला होता, मला कळत नव्हतं, आणि मी त्यांना कधी... अक्कांनी पुढे बोलू दिलं नाही.

‘माहीत हाय की मला. त्या दिवशी तू गेलीस आणि ते जेवले नाहीत. ताट तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले आणि म्हणाले, पोरीनं तीन दिवस घासलं असणार बघ. माझ्यासाठी कुणी इतकं घासलं नव्हतं. मग म्हणाले, जाऊ दे, परत पहिल्यापासनं काळं करू. शनिवारी पेरू जास्त आण.’

तेव्हा मला लख्ख आठवलं, अण्णा. आधी नव्या चाकूनेच पेरू कापायची पद्धत होती. ऑपरेशननंतर तुम्ही म्हणायला लागलात, ‘नव्याला आधी बघू दे, जुना कसा कापतो.’ आणि पहिला पेरू तुमच्याच चाकूने कापला जायला लागला. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. मी त्यावरही तुमच्याशी भांडले होते, शेवटची फोड आता दोघांनी खायची का म्हणून!

मी चाकू उचलला आणि उघडला. पातं काळपट आहे, निळसर, मध्ये ढगांसारखे डाग. सगळे शनिवारचे. मुठीजवळच्या रेघा मात्र पुसट झाल्या त्या झाल्याच, त्या काही परत यायच्या नाहीत. अक्कांच्या व्हरांड्यात मी लहान पोरीसारखी रडले आणि अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. खरं तर हे उलटं व्हायला हवं होतं.

फाटकातून बाहेर पडताना माझं ठरलं होतं. हा चाकू कपाटात, वरच्या खणात, तेलाचा हात देऊन. आता ह्यावर एक थेंब पडू द्यायचा नाही. एकदा बिघडवून बसले, पुन्हा नाही. ह्याच विचारात सवयीने स्टेशनवर गेले, बॅग स्कॅनरच्या पट्ट्यावर ठेवायला वर उचलली आणि खिशाला हात लागला. तशीच मागे फिरले. मागच्या माणसाने विचारलं, ‘एन् आय्तु मेडम?’ काय झालं ते त्याला कुठून सांगत बसू? बस स्टँडवर जाऊन इलेक्ट्रॉनिक सिटीची बस धरली. संध्याकाळची सहाची वेळ, सिल्क बोर्डचा तो तुंबलेला रस्ता. तुम्ही वरून बघत असाल तर पोट धरून हसत असणार.

माझ्या शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. बस दर दहा पावलांना थांबत होती आणि त्यांना मळमळायला लागलं होतं. हातात लिंबू होतं, वास घेऊन भागेना, नखाने सोलता येईना. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘चाकू-गीकू इद्याम्मा?’ इतक्या वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. चाकू का आहे असं विचारणारे शेकड्यांनी भेटले. आहे का, असं विचारणाऱ्या या पहिल्याच. आणि मी खिशावर हात घट्ट दाबून बसले. लिंबू! कार्बन स्टीलवर लिंबाइतका चटकन आणि पक्का डाग दुसऱ्या कशाचा पडत नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. नाही म्हटलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. त्यांनी डोळे मिटून लिंबू पुन्हा नाकाला लावलं.

‘इदे,’ मी म्हटलं. आहे.

त्यांनी हात पुढे केला. मी चाकू आमच्या दोघींच्या मधे, सीटवर ठेवला आणि हात मागे घेतला. ज्या गोष्टीवरून तुमच्याशी पहिल्याच दिवशी भांडले ती माझ्या हाताने मला न विचारता केली. त्यांनी उचलला, बस थांबल्याची संधी साधून लिंबू कापलं, अर्धं तोंडात धरलं. जरा वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग चाकूकडे बघून म्हणाल्या, ‘चेन्नागिदे. यारु माडिद्दु?’ छान आहे, कुणी केला? मी म्हटलं, ‘नम्म अण्णा.’ त्यांनी चाकू पुन्हा सीटवर ठेवला, आणि उरलेली लिंबाची फोड माझ्यापुढे केली. ज्याचा चाकू त्याला शेवटची फोड. त्यांना हे कुणी सांगितलं होतं अण्णा?

घरी येऊन दिव्याखाली पातं धरलं. टोकापासून बोटभर अलीकडे, लिंबाच्या बीएवढा नवा डाग पडला आहे, करडा, कडेला जरा निळा. तो तुमचा नाही, माझा आहे. कपाटाचा वरचा खण रिकामाच राहिला.

अण्णा, सॉरी. तेव्हा घासला त्याबद्दल, आणि इतका उशीर केला त्याबद्दल. हा डाग मी घासणार नाही.